तीन पावलं मागे

पुढचं स्थानक मंगळवार पेठ, असं डब्यात जाहीर झालं आणि आम्रपालीला कळलं, आपण उलट्या दिशेला चाललोय. बापलेकीला जायचं होतं आनंदनगरला, वनाझच्या बाजूला. जिल्हा न्यायालय स्थानकात मेट्रो बदलताना ती घाईघाईत समोर आलेल्या गाडीत चढली आणि गाडी निघाली रामवाडीकडे. तिनं झटकन वडिलांकडे पाहिलं. पाहिलं आणि त्याच क्षणी जीभ चावली. नेमकं तेवढंच करायचं नव्हतं.

तिचे वडील कचरू, सव्वीस वर्षं बार्शी डेपोत एसटीचे ड्रायव्हर. नवा ड्रायव्हर हाताखाली आला की त्यांची पद्धत ठरलेली. शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. पोरगा फाटा चुकला तर चुकू द्यायचा. आपला आपण सावरतो का, तेवढं बघायचं. आम्रपालीला पुण्यात एमएस्सीला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी हीच पद्धत घरात आणली. बार्शीत कॉलेज नाही का, हे त्यांचं महिनाभर चाललं होतं. फी भरायला दोन दिवस उरले तेव्हा म्हणाले, एक दिवस मला पुण्यात फिरवून दाखव. कॉलेज बघायचं, राहायची खोली बघायची आणि संध्याकाळच्या गाडीला परत स्वारगेट. रिक्षा करायची नाही. दोघांचं खाणंपिणं धरून पाचशेच्या आत भागवायचं. मी तीन पावलं मागं चालणार. एकदा जरी मदतीसाठी माझ्याकडं बघितलंस, तर बार्शीचं कॉलेज.

सकाळपासून सगळं मनासारखं झालं होतं. स्वारगेटला एसटीतून उतरल्यावर रिक्षावाल्यांच्या गराड्यातून ती सरळ मेट्रोच्या जिन्याकडे गेली आणि दिवसभराचे दोन पास काढले. शिवाजीनगरपर्यंतचा प्रवास जमिनीखालून झाला. वर पेठांमधल्या गल्ल्या तुंबलेल्या असणार. खाली मात्र एकही हॉर्न नव्हता. कॉलेज पाहून झालं, मिसळ खाऊन झाली. जिल्हा न्यायालयाला एकापाठोपाठ एक सरकते जिने चढून ते पाताळातून थेट झाडांच्या शेंड्यांपर्यंत आले. कचरूंनी एकदा विहिरीत डोकवावं तसं वाकून खाली पाहिलं. 

डब्यात बसले की ते अर्धी भरलेली पाण्याची बाटली गुडघ्यावर उभी धरत. गाडी थांबताना आतल्या पाण्याची रेघ किती कलते ते बघत. ती जेमतेम कलायची. भरलेली एसटी घाटात अलगद थांबवणारा हा माणूस. दुसऱ्याच्या ब्रेकला त्यांनी कधी चांगलं म्हटलेलं आम्रपालीनं ऐकलं नव्हतं. आज मात्र दर स्थानकाला ते स्वतःशीच मान डोलावत होते.

आताही ते बाटलीकडेच बघत होते. आपली चोरटी नजर त्यांना दिसली की नाही, हे तिला कळेना.

समोरच्या आजोबांनी तिची चुळबुळ हेरली. कुठं जायचंय, असं विचारून त्यांनी चष्मा वर सरकवला. आनंदनगर ऐकल्यावर म्हणाले, "मग आपण त्याच्याकडे पाठ करून निघाला आहात. घाबरू नका, रामवाडीतही माणसंच राहतात."

आम्रपालीला हसू आलं, आणि हसल्यावर डोकं चालायला लागलं. मंगळवार पेठेला ती उतरली. जिन्यानं पलीकडच्या फलाटावर गेली. फलकावरचं शेवटच्या स्थानकाचं नाव दोनदा वाचलं, मगच आलेल्या गाडीत पाऊल टाकलं. डेक्कनच्या अलीकडे खिडकीखाली मुठा दिसली आणि दूर पुलावर अडकलेल्या गाड्यांची रांग. त्यांची गाडी त्या रांगेच्या वरून निवांत पुढे गेली. आनंदनगरची खोली स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर होती. तिथल्या लातूरच्या दोघी मुलींनी चहा दिला, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं. कचरू दाराशी बसून राहिले.

परतताना मंडई स्थानक गेलं आणि तिला राहवेना. लपवून पास होण्यात काही अर्थ नव्हता.

"पप्पा, मघाशी गाडी चुकली तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं."

कचरूंनी ऐकलं. बाटलीचं झाकण घट्ट लावलं. तिनं मनातल्या मनात बार्शीच्या कॉलेजचं फाटक पाहून घेतलं.

स्वारगेटला दार उघडलं. लोक लगबगीनं जिन्याकडे गेले. फलाट रिकामा झाला तरी कचरू तिथंच उभे. बार्शीच्या गाडीला अजून सव्वा तास होता. फलकावरची नावं त्यांनी ओठ हलवत वाचली, सदऱ्याच्या खिशातून पास काढून हातात घट्ट धरला.

"आता तू हो तीन पावलं मागं," ते म्हणाले. "कॉलेजपातुर मी नेतो आन् परत आणतो. चुकलो तरी सांगू नगंस."

"आपण बघून आलो की कॉलेज. परत कशाला?"

"दर महिन्याला तुझ्या आईला घिऊन यायचं हाय. तिच्याम्होरं चुकलो तर बरं दिसतं व्हय?"