गालावरच्या रेघा

“मान जरा उजवीकडे, आपा. तो गाल सावलीत जाऊ द्या,” एसेनगुल म्हणाला.

बुरुल आपानं मान हलवली नाही. “का रे? त्या गालानं कुणाची मेंढी चोरलीय?”

एसेनगुलनं कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घातलं. खरं सांगायची त्याला लाज वाटत होती. नारीन नदीच्या खोऱ्यातल्या त्या सामूहिक शेतावर यंदा सगळ्यांत जास्त कोकरं आपानं जगवली होती. तिचा फोटो चौकातल्या मानाच्या फलकावर लागायचा होता. आणि शेताचा अध्यक्ष अब्दिल्दा सकाळीच बजावून गेला होता, “म्हातारीच्या गालांवरचा एक जरी ओरखडा दिसला, तर उद्यापासून हे फोटोचं दुकान दुसऱ्याचं.”

ओरखडे कशाचे, हे गावाला ठाऊक होतं. तीस वर्षांपूर्वी, एका पहाटे, गावातली सात माणसं ‘जनतेचे शत्रू’ म्हणून धरून नेली. ती परत आली नाहीत. त्यांची कबरसुद्धा कुठं नाही. आपाचा नवरा त्यांतलाच. माणूस गेला की त्याचे गुण गात रडायचं, नखांनी गाल ओरबाडायचे, ही बायकांची रीत. पण या सातांसाठी रडायची बंदी होती. घरोघरची दारं लागली. बुरुलनं तेवढं आपलं दार सताड उघडं टाकलं आणि दोन दिवस गात रडली. त्या गाण्यात अल्लाचं नाव होतं, म्हणतात, आणि सरकारला शिव्याही होत्या.

“पेन्सिलीनं पुसणार ना मला?” आपानं आता सरळच विचारलं. “वरच्या अल्लानं लिहू दिलंय ते खोडायला तुझी पेन्सिल केवढी रे, बाळा?”

“आपा, मला पोरंबाळं आहेत.”

“असू देत. देव त्यांना उदंड आयुष्य देवो. तू तुझं काम कर, मी माझं करते.” आणि तिनं कॅमेऱ्यात रोखून पाहिलं.

पेन्सिल हीच तर एसेनगुलची ख्याती होती. सुरकुत्या, मस, देवीचे व्रण, काचेच्या निगेटिव्हवर तो सगळं बुजवून टाकायचा. डॉक्टरीणबाईंना त्यानं पडलेला दातसुद्धा फोटोत लावून दिला होता. तो त्यांना इतका आवडला, की पुढं त्यांनी तोंडातही बसवून घेतला, सोन्याचा.

दुपारी तो आपाची काच घेऊन बसला. एकेक रेघ बुजवत गेला. फोटो छापला. गाल लोण्यासारखे झाले होते. पण डोळे कुणा भलत्याच बाईचे दिसत होते, माफी मागितल्यासारखे. एसेनगुलच्या ध्यानात आलं. तिच्या डोळ्यांतली हिंमत त्या रेघांना टेकून उभी होती. टेकू काढला आणि घर बसलं.

त्यानं बिस्मिल्ला म्हटलं आणि कापसाच्या बोळ्यानं काचेवरची पेन्सिल पुसून काढली. पुन्हा छापलं. पाण्यातून चेहरा हळूहळू वर आला, तसा तो स्टुलावरून उठून उभा राहिला. मोठं माणूस दारात आलं की उठतात, तसा.

दुसऱ्या दिवशी तो फोटो त्यानं स्वतःच्या हातानं फलकावर ठोकला. बघता बघता चौक भरला. अब्दिल्दा तरातरा आला.

“एसेन्या, डोळे फुटले का तुझे? जिल्ह्याचे साहेब यायचेत आणि तू जुनी मढी उकरतोस?”

“दुरुस्त करायला गेलो होतो, दादा,” एसेनगुल म्हणाला. तो फलकासमोरून हटला नाही. “दुरुस्त केलं की बिघडतंय.”

“सरक बाजूला!”

अब्दिल्दानं त्याला ढकललं आणि चौकटीला हात घातला. तेवढ्यात गर्दी दुभंगली. बुरुल आपा काठी टेकत पुढं आली. फोटोतला चेहरा आणि खरा चेहरा, दोन्ही अब्दिल्दाकडे बघत होते.

“उतरव की,” ती म्हणाली. “पण नेलेली माणसं सात होती आणि रडणारी मी एकटी. म्हणून सात रेघा ओढल्या, प्रत्येकाचं नाव घेऊन. तुझ्या आईनं दार लावून तुझ्या तोंडावर हात दाबून धरला होता. बरोबरच केलं तिनं, तिला तुला जगवायचं होतं. डाव्या गालावरची ही सगळ्यांत खालची रेघ तुझ्या बापाची आहे. आता उतरव.”