पंचफुलाबाईंचं मशीन

“हात नोको लावू त्याले!” पंचफुलाबाई सायकलच्या मागच्या चाकापुढे आडव्या उभ्या राहिल्या. “चांगलं चालून राहिलं.”

“माय, ते बिघडलं हाये,” हातात पाना घेऊन स्नेहा म्हणाली.

“बिघडलं म्हणूनच तं चालून राहिलं!”

दोघी मायलेकींचं म्हणणं खरं होतं, आणि पंचाईत तीच होती.

स्नेहा पांढुर्ण्याहून रोज तिगावला टपाल वाटायला जायची, ती बॅटरीच्या सायकलवर. पावसाळा संपता संपता सायकलचं फ्रीव्हील जाम झालं. चाक फिरत असताना पैडलला गप्प ठेवायचं, एवढीच त्या फ्रीव्हीलची नोकरी; तीही त्याला झेपेना. मोटर सुरू केली की चाकाबरोबर पैडलही गरगरायचं. तिगावच्या फाटकाजवळ त्यानं स्नेहाच्या पायाला असा फटका दिला, की ती टपालाच्या थैलीसकट नालीत.

घरी चिंधूजींना, तिच्या बाबांना, लकवा मारला होता. उजवा पाय गेला. दुसऱ्यानं का होईना, पण तो पाय रोज हलवत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जाम झालेलं फ्रीव्हील पाहून पंचफुलाबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. सायकल अंगणात भिंतीला लागून डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, चिंधूजी सीटवर. धड पाय स्टुलावर ठेवलेला, आजारी पाय ओढणीनं पैडलला बांधलेला. मग बाई हँडलची मूठ हळूच पिळायच्या आणि मोटर त्यांच्या नवऱ्याचा पाय गोल गोल फिरवायची. गल्लीतल्या बायका कौतुकानं पाहायला यायच्या. बाई त्याला ‘मशीन’ म्हणायच्या आणि मशीनला रोज फडक्यानं पुसायच्या.

पाय मात्र स्वतःहून तसूभरही हलला नव्हता.

“बाबा, तुमीच सांगा आता,” स्नेहा म्हणाली.

खाटेवरून चिंधूजींनी मान हलवली. लकव्यापासून त्यांचे शब्द जड यायचे. “बदल. पोरगी... पडून राहिली. माह्या पायाचं... काय घेऊन बसली?”

पंचफुलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नवरा पुन्हा उभा राहील तर या मशीनच्याच जोरावर, दुसरी आशा त्यांना ठाऊक नव्हती. तीच आज लेक खोलायला निघाली होती.

बाजारातल्या मनोहर सायकलवाल्यानं आधीच हात वर केले होते. “मोटरचा चक्का हाये तो. काही जळलं तं मले धरसान!” मग स्नेहानं नागपूरहून फ्रीव्हील आणि ते काढायची खाचांची चावी मागवली, आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून पाठ केला.

तिनं चाकातल्या मोटरची वायर सोडवली, नट सोडले, चाक काढून ओट्यावर आडवं ठेवलं, चावी बसवली, पान्यानं जोर लावला. ढिम्म! पैडल मारू तसं फ्रीव्हील आणखी आवळत जातं. ते सहजासहजी कसलं सुटतंय? तिनं पान्याच्या दांड्यावर नळाचा पाईप चढवला. आता अख्खं चाकच फिरायला लागलं.

“माय, जरा धर नं.”

“मी नाही धरत.”

स्नेहा एकटीच झटत राहिली. चाक ओट्यावरून निसटलं, तिच्या हाताची साल निघाली. तेव्हा पंचफुलाबाई तणतणत आल्या आणि चाकावर अंगाचा भार टाकून वाकल्या.

“लाव जोर. जेवत नाही का तू?”

कट्ट!

दोघीही एकदम मागे बसल्या. फ्रीव्हील सुटलं होतं! नोकरी लागली तेव्हाही स्नेहाला इतका आनंद झाला नव्हता. तिनं आटे पुसले, ग्रीस लावलं, नवं फ्रीव्हील हातानं चढवलं, चाक बसवलं, चेन घातली, नट आवळले. सायकल स्टँडवर उभी करून हातानं चाक फिरवलं. चाक भिरभिरलं, पैडल गप्प.

“झालं!” ती ओरडली. “बाजारातल्या मिस्तऱ्याले नाही जमलं, ते म्या केलं!”

“हो,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “गप्प झालं बाप्पा एकदाचं.”

ग्रीस कोपरापर्यंत पोचलं होतं. स्नेहानं आंघोळच उरकली, अगदी गुणगुणत. बाहेर आली आणि दारातच थबकली.

चिंधूजी सीटवर बसलेले. धड पाय स्टुलावर, आजारी पाय पैडलला बांधलेला. पंचफुलाबाई मूठ पिळून धरून उभ्या. आणि पैडल फिरत होतं.

“चाललं वं मशीन!” बाईंचा आनंद अंगणात मावत नव्हता. “उगीच जीव खाल्ला माहा. आज जरा थांबून थांबून चालून राहिलं. नवं हाये म्हणून असन.”

स्नेहाचं अवसानच गळालं. नवंही जाम! सगळी मेहनत पाण्यात, आणि उद्या पुन्हा तिगावची नाली. चिंधूजींच्या कपाळावर घाम आला होता, दात घट्ट आवळलेले.

“माय, सोड ते मूठ! बाबाचा पाय मोडन!”

“काही नाही मोडत. हासून राहिले ते.”

ते खरंच हसत होते.

स्नेहा धावली. मोटरची वायरच उपसून टाकावी म्हणून ती चाकापाशी वाकली.

वायर मोकळीच लोंबत होती. ती जोडायची राहूनच गेली होती.