सारसांच्या मधला माणूस

"याच्यात तं ते नाही दिसून राहिले जी," जिजाबाई म्हणाली.

भंडाऱ्यातल्या अंकुरच्या साडीच्या दुकानात, गल्ल्याच्या वरच, त्यानेच काढलेला तो फोटो मोठ्या फ्रेममध्ये लावलेला होता. धुक्यातला तलाव आणि पाण्यात समोरासमोर उभी सारसांची जोडी. नागपूरच्या एका प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. निम्मी गिऱ्हाइकं साड्या बघायच्या आधी तो बघत. जिजाबाई मात्र त्यात नवरा शोधत होती.

तुलाराम जाऊन नऊ दिवस झाले होते. ताप आला, तो त्याने अंगावर काढला, आणि गेला. तेरवीला हार घालायला फोटो हवा म्हणून त्याची बायको आणि सासरहून आलेली लेक रंजू सकाळच्या एसटीने लाखांदूरकडून आल्या होत्या.

"आधारवरचा मोठा करून पाह्यला," रंजू म्हणाली. "कोणी दुसराच माणूस वाटते. मंग मायले या फोटोची याद आली."

"त्याईनं घरी येऊन सांगतलं होतं ना," जिजाबाई म्हणाली. "म्हणे, मी मंधात उभा आहो, हातात जाळं हाय, अन् दोन्ही अंगाले सारस. अंकुरभाऊनं कॅमेऱ्यात दाखवला म्हणे, लय बेस आला. साऱ्या गावाले माहीत हाय."

तो फोटो वेगळा होता, असं सांगून टाकणं सोपं होतं. ते शब्द अंकुरच्या ओठांवर आलेही होते. पण दोन हिवाळे पाखरांचे फोटो काढायला तो या बाईच्या नवऱ्याच्या मासेमारीच्या डोंग्यात बसला होता आणि तिने बांधून दिलेल्या भाकरी त्याने खाल्ल्या होत्या.

परका माणूस लांबून दिसला तरी सारस उडून जात. तुलाराम कमरेएवढ्या पाण्यात जाळं टाकत असला, की त्याच्या शेजारी बिनघोर चरत राहत. त्या दिवशी अंकुरला जोडी इतक्या जवळून मिळाली ती त्याच्यामुळेच. पण घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडला तेव्हा मधला फाटक्या बनियनचा माणूस त्याच्या नजरेला खुपायला लागला. जंगली पाखरू जंगली दिसायला हवं. वीस मिनिटांत त्याने तुलारामला पुसलं, आजूबाजूचं पाणी उचलून त्या जागी बसवलं. काम इतकं सफाईदार झालं की परीक्षकांच्याही लक्षात आलं नाही. मग जागा करायची म्हणून मूळ फाइल उडवली.

"फोटो हाच आहे, काकू," तो म्हणाला. "काका होते यात. मीच काढून टाकलं त्यांना."

"काढून टाकलं म्हंजे?"

"पुसलं. कॉम्प्युटरवर."

"अन् पयलेचा?" रंजूने विचारलं.

"नाही ठेवला."

जिजाबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फ्रेमकडे बघत राहिली.

"कायले जी? पाखरं तं त्याईच्याच भरोशावर उभे होते."

अंकुर गल्ल्यामागे गेला. त्याने लॅपटॉप उघडला. दोन हिवाळ्यांचे हजारो फोटो. तुलाराम त्यात बऱ्याचदा होता, पण कायम मागे. शटर जलद, ॲपर्चर पूर्ण उघडं, फोकस पाखराच्या डोळ्यावर. मागचं सगळं लोण्यासारखं वितळलं पाहिजे, असं तो स्वतः शिकाऊ पोरांना शिकवत असे. त्या लोण्यात तुलाराम होता. एक तपकिरी डाग, त्यावर बनियनचा पांढरा डाग. सारसाच्या डोळ्याभोवतीची लाल कातडी मात्र कणाकणाने मोजता येत होती.

"फोटो साफ कराचं ॲप राह्यते ना, भाऊ?" रंजू म्हणाली.

"त्यात चेहरा तयार होतो, रंजू. पण तो तुझ्या बाबांचा नसतो."

तो एकेक फोटो पुढे सरकवत होता. अचानक जिजाबाईने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"थांबा, थांबा. हेच हायेत ते."

समोर पंख पसरलेला सारस. त्याच्या मागे डोंग्यात उभी, एका अंगाला कललेली आकृती, बांबूने पाणी रेटणारी.

"डोंगा ढकलताना डावा खांदा असाच पाडत," ती म्हणाली. तिने पदराने स्क्रीन पुसली. काही फरक पडला नाही. "हाच द्या करून."

"चेहरा नाही यात, काकू. लोकांना काय दिसणार?"

"आमाले दिसते." मग ती थोडी पुढे वाकली. "फक्त हे पाखरू आडवं येऊन राह्यलं. त्याले पुसून टाका जी. तुमाले तं जमते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. अंकुरला तेच जास्त लागलं. त्याने स्क्रीनवरचा पुसायचा ब्रश घेतला आणि हळूहळू सारस पुसायला लागला. आधी चोच गेली, मग मान, मग पंख.

पंखाच्या मागे तुलारामचा उजवा हात असायला हवा होता. कॅमेऱ्याने तो कधी पाहिलाच नव्हता. ब्रशने तिथे पाणी भरलं.