तिसरं लिनक्स

"हेही अडकलं," यादवराव स्क्रीनकडे बघत म्हणाले. पोस्टातून निवृत्त झालेले सासरे चार दिवस माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरशी का झटतायत, हे योगिताला कळेना.

"विंडोजऐवजी टाकायच्या या फुकट लिनक्सचे बरेच प्रकार असतात. पहिलं सोपं म्हणून घेतलं, दुसरं देखणं म्हणून. दोन्ही या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला झेपली नाहीत. आता सगळ्यात हलकं टाकतो. दिसायला साधं आहे, पण मराठी टायपिंग चालतं म्हणे."

टायपिंग म्हटल्यावर योगिता थबकली. सरावाची सोय नाही, म्हणून यंदा क्लार्कच्या परीक्षेचा फॉर्म भरत नाही, असं ती नवऱ्याला म्हणाली होती. तेव्हा यादवराव पेपर वाचत शेजारीच बसले होते. ते काहीच बोलले नाहीत, म्हणजे सुनेची नोकरी त्यांना नकोच असणार, असं तिने धरून टाकलं होतं.

दुपारी तिसरं लिनक्स चढलं आणि दोन मिनिटांत कॉम्प्युटर सुरू झाला. यादवराव खुर्चीतून उठले.

"बस."

"बाबा, तुम्ही बघा ना आधी."

"मला काय करायचंय? तू बस."

पहिल्याच ओळीत तिच्या चार चुका झाल्या. ती ओशाळली.

"होऊ देत," ते म्हणाले. "फॉर्म भरायला अजून नऊ दिवस आहेत."