मोडीतली खुशाली

दार रसिकाने उघडलं.

“सरस्वतीबाई आहेत ना?” मेघालीला धाप लागली होती. “मी दिव्याहून आले. रखमाबाईंची सून.”

रसिका सरस्वतीबाईंची सून. ती बाजूला झाली. मेघाली खुर्चीच्या कडेवर टेकली. ठाण्याच्या चेंदणीतल्या या घराचा पत्ता तिने कितीतरी पाकिटांवर लिहिला होता. आली मात्र आज पहिल्यांदा.

रखमाबाई आणि सरस्वतीबाई कल्याणच्या एकाच शाळेत मोडी लिपी शिकल्या. त्यांच्या मागून आलेल्या मुलींना मोडी नव्हतीच, सगळं बाळबोधीत. या दोघींनी जन्मभर एकमेकींना पत्रं लिहिली ती मोडीतच. घरात कुणाला वाचता येत नसे, म्हणून मनातलं सगळं लिहायच्या. नजर अधू झाली तेव्हा रखमाबाईंनी सुनेला मोडी शिकवली आणि पत्रं तिच्याकडून लिहून घेऊ लागल्या. आधी ओळभर आडवी रेघ ओढायची, मग हात न उचलता खाली अक्षरं.

दोन वर्षांपूर्वी रखमाबाई गेल्या. तेराव्यालाच ठाण्याहून पत्र आलं. ‘रखमे, गुडघा काय म्हणतो?’ मेघालीला खरं कळवायचा धीर झाला नाही. तिने सासूच्या नावाने उत्तर धाडलं. मग दर महिन्याला लिहीत राहिली, हळूहळू स्वतःचंच. इतक्या आपुलकीने तिची चौकशी दुसरं कुणी करत नव्हतं.

आणि परवा चारच ओळी आल्या. ‘आता हात चालत नाही. हे शेवटचं समज.’

“त्यांची तब्येत जास्त बिघडलीय का?” मेघालीने विचारलं. “मला एकदा भेटू द्या. माफी मागायचीय.”

रसिका समोर बसली. “आई मागच्या मे महिन्यात गेल्या,” ती म्हणाली. “रखमामावशींना कसं सांगणार? आईंनी मलाही मोडी शिकवलेली, अक्षरही त्यांच्यासारखंच. तेव्हापासून मीच लिहीत होते. म्हाताऱ्या माणसाला किती दिवस फसवायचं, म्हणून बंद केलं. त्यांना सांगू नका हं.”



“रखमाबाई त्यांच्याही आधी गेल्या,” मेघाली म्हणाली. “दोन वर्षं झाली.”

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

“मग दिवाळीपासून पत्रात जो खोकला लिहिलेला,” रसिकाने हळूच विचारलं, “तो तुमचा होता? आता कसा आहे?”