आज दोरी नको

"बाई, दोरी टाकू?" बुधाजीने होडीतून नेहमीप्रमाणे विचारलं.

"आज नको!" कुंदाबाई फळीवरून ओरडल्या आणि तेवढ्यात धपकन पाण्यात पडल्या.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी विंडसर्फिंगचं खूळ घेतलं होतं. देवबागचा सकाळचा हलका वारा जमिनीवरून सुटतो आणि शिडाच्या फळीला लाडेलाडे समुद्रात नेतो. परत येताना मात्र शीड फिरवत त्याच्याशी नागमोडी वाद घालावा लागतो. तो बाईंना जमत नसे. मग दर रविवारी मासेमारी आटोपून येणारा बुधाजी त्यांना दोरीने ओढत आणायचा आणि वाटेत थर्मासमधला आल्याचा चहा पाजायचा. किनाऱ्यावरची मंडळी हसायची.

बाई पुन्हा फळीवर चढल्या. शीड उचललं, गुडघे वाकवले आणि डोलकाठीच्या पुढून पावलं टाकत पलीकडे गेल्या. शीड एकदा फडफडलं, मग भरलं. फळी वळली! कधी उजवीकडे, कधी डावीकडे झोके घेत ती चक्क किनाऱ्याकडे निघाली. सहलीला आलेल्या पोरीसारख्या खिदळत बाई वाळूला लागल्या. टाळ्या पडल्या.

त्यांनी वळून पाहिलं. मागोमाग आलेली होडी हाकेच्या अंतरावर थांबली होती. दोरी गुंडाळून ठेवत बुधाजीने थर्मास उंच धरला. "मगे ह्या चायेचा काय करू?"

बाईंनी टाळ्यांकडे पाठ फिरवली, फळी पुन्हा पाण्यात ढकलली आणि शीड उभं केलं. जायला वारा होताच, आणि यायचं कसं तेही आता कळलं होतं.