बिनतिटाची

या व्यवहारात अपेक्षाला मिळणार होतं फक्त हसू. लग्न मोडल्यापासून वर्षभर ती हसली नव्हती. सोलापुरातल्या समुपदेशन केंद्रात म्हणे संगणकाला जोडलेला एक गॉगल होता, त्यात आवडीचं रूप घडवलं की मन हलकं होई. पहिली खेप फुकट, म्हणून आई वैजयंतीबाई तिला कुंभारीहून घेऊन आली.

अपेक्षानं गॉगल चढवून आपलंच रूप घडवलं. नाक सरळ केलं, गालाला खळी पाडली. समोरच्या पडद्यावर ती दुसरी अपेक्षा खुदकन हसली. गॉगलखाली खरीही हसली.

आईचा जीव भांड्यात पडला. "अगं बया, लई ग्वाड दिसती की! तीट लाव तिला, न्हाय तर माझीच दिष्ट लागंल."

"आई, चित्राला कुटं दिष्ट लागती व्हय?" म्हणत अपेक्षानं त्या खळीशेजारी काळा ठिपका ठेवलाच.

वेळ संपली. गॉगल निघाला. पडद्यावरची मात्र हसतच राहिली.

"आता तू हस की, अपे."

"हसतीयच की मी."

आवाज अपेक्षाचाच होता. ओठ हलले ते पडद्यावरचे.

वैजयंतीबाईंनी लेकीच्या कोऱ्या गालावरून हात फिरवला. तीट लागली होती त्या दुसरीला. दृष्ट आईची होती, आणि तिची किंमत भरली बिनतिटाच्या लेकीनं.